माळरानाची पीकपाहणी : निसर्गेतिहास संस्थेचे कार्य व आपण शेतकरी

सात-बाराचा उतारा हाती घेतला म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे, आकार किती, बोजा कोणाचा, विहीर आहे किंवा नाही, आणि कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रात उभे होते, हे सर्व कळून येते. परंतु त्याच उताऱ्यात 'पोटखराबा' किंवा 'पड' हा शब्द आला की लेखणी तेथेच थांबते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता हे शब्द सहस्रावधी वेळा लिहिले. जेथे पीक नाही व आकारणी नाही, तेथील तपशील ठेवणे हे त्या दप्तराचे कामच नव्हे. तथापि शेतकऱ्याच्या नफ्यानुकसानीच्या कितीएक गोष्टी याच रिकाम्या रकान्यात घडत असतात. पिकावरची कीड कोण खातो, बांधावरचे उंदीर कोण मारतो, मेलेले जनावर कोण फस्त करितो, याची नोंद कोणत्याही चावडीत सापडत नाही. ती नोंद ठेवण्याचे काम एका संस्थेने 140 वर्षांहून अधिक काळ चालविले आहे. तिच्या कार्याचा परिचय करून देणे व त्यापासून बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्याने काय घ्यावे हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

संस्थेची स्थापना

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र जमले व त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन केली. आठांपैकी दोघे आपले मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. प्रारंभीच्या मंडळींतील एटकेनसाहेब हे मीठ व जकात खात्यातील नोकर होते, तर फिप्सनसाहेब हे व्यापारी होते. म्हणजे ही संस्था कोणा राजाने अगर विद्यापीठाने काढलेली नव्हे. आपापला धंदा सांभाळून जे पाहिले ते लिहून ठेवणाऱ्या सामान्य गृहस्थांनी ती उभी केली, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. 1886 पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. 1911 साली तिने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली व ती दहा वर्षांहून अधिक काळ चालली. 1927 पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे कडे घालून ते कोठून कोठे जातात हे शोधण्याचा उपक्रम सुरू झाला. डॉ. सालिम अली यांचे सारे आयुष्य या संस्थेच्या कामात गेले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ 1941 साली प्रसिद्ध झाला.

ज्या दशकात ही संस्था स्थापन झाली, त्याच दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या टापूत खेळू लागले. कालव्याने काय पिकले याचा हिशेब पाटबंधारे व महसूल खात्यांनी ठेवला. कालव्याच्या वरच्या अंगास जो कोरडा माळ राहिला त्याचा हिशेब मात्र अशा हौशी मंडळींवाचून कोणी ठेविला नाही.

जुन्या नोंदीचे मोल

पाखरे मोजून पदरात काय पडते, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास गिधाडांचा दाखला पुरेसा आहे. 1991 ते 1993 या काळात संस्थेच्या मंडळींनी देशभर ठराविक रस्त्यांनी फिरून शिकारी पक्ष्यांची मोजदाद केली. त्या वेळी गिधाडे विपुल होती व त्यांची काळजी करावी असे कोणासही वाटत नव्हते. पुढे भरतपूर येथे गिधाडे झपाट्याने मरू लागल्याचे संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजणी झाली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडता आले. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीचे गिधाड हजारांत एक या प्रमाणात उरले होते. पहिली मोजणी झालेली नसती, तर 'पूर्वी फार होती, आता दिसत नाहीत' यापलीकडे कोणास काही सांगता आले नसते, आणि अशा मोघम विधानावर सरकार कोणताही हुकूम काढीत नाही.

कारण 2004 साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून उघडकीस आले. गुरांच्या दुखण्यावर व तापावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत असत. औषध दिल्यावर जनावर एकदोन दिवसांत दगावले व गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी गिधाडांचा उच्छेद होण्यास ते पुरते. 2006 साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनास बंदी केली. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोहोचतच राहिल्या. सबब 2015 साली ती बाटली एका मात्रेची, म्हणजे 3 मिलिलिटरची असावी, असा निर्बंध घातला गेला. 2023 साली किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. त्यांच्या जागी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस निर्धोक असल्याचे सिद्ध झालेले आहे.

यात शेतकऱ्याचे काय गेले, ते पहा. गावाबाहेर टाकलेले जनावर पूर्वी काही तासांत हाडांपर्यंत साफ होत असे. गिधाडे गेल्यावर तेच जनावर कुजत पडू लागले, त्यावर मोकाट कुत्री पोसली, ओढ्याचे पाणी नासले, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळीचे भय वाढले. या सेवेचे गिधाडांनी कधी बिल पाठविले नव्हते. म्हणूनच तिची किंमत ती बंद पडल्यावर कळली. आजही पशुवैद्यास औषधाचे नाव विचारणे व गिधाडांस घातक औषध नाकारणे हे प्रत्येक गोठेवाल्याच्या हाती आहे.

पाखरांचा जमाखर्च

आता आपल्या रानाकडे वळू. पाखरे पिकाची नासाडी करीत नाहीत असे सांगणारा मनुष्य शेतकरी नव्हे. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, व माळ्यावर गोफण घेऊन बसल्यावाचून कणसे हाती लागत नाहीत. परंतु हिशेब लिहावयाचा तो जमा व खर्च दोन्ही बाजूंनी. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात जाऊन अंडी घालते, व तेथे तिचा मुख्य आहार टोळ व नाकतोडे हाच असतो. चीनच्या शिनच्यांग प्रांतात तर भोरड्यांनी टोळ खावेत म्हणून त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम जागा बांधून दिल्या आहेत.

याच्या उलट भोवत्या नावाचा लांब पंखांचा शिकारी पक्षी हिवाळ्यात तिकडून आपल्या माळावर येतो. दिवसा तो गवतावरून अगदी खालून घिरट्या घालीत नाकतोडे टिपतो व सायंकाळी गवतातच जमिनीवर रात्र काढितो. माळाचे गवत नांगरले गेले किंवा पेटविले गेले, की त्याचा मुक्काम उठला. मग नाकतोडे मारण्याचा खर्च आपणांवर पडला. गायबगळा, कोतवाल, नीलकंठ व साळुंकी नांगरामागून फिरून किडे वेचतात. गव्हाणी घुबड व पिंगळा रात्री उंदीर मारितात. त्यांस अशुभ मानून हाकलणे म्हणजे बिनपगारी राखणदारास घालवून देणे होय. बिहारातील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत मेसन व लेफ्रॉय या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासून 1912 सालीच त्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला होता. तात्पर्य, कोणता पक्षी मित्र व कोणता शत्रू हे ऐकीव गोष्टींवरून न ठरविता तो काय खातो हे पाहून ठरवावे.

नोंद केल्याने जमीन जाते काय?

येथे एक शंका स्पष्टपणे बोलून दाखविली पाहिजे, कारण ती खातेदारांच्या मनात असते. 'आमच्या रानात अमुक प्राणी आहे असे लिहून दिले, तर उद्या जमिनीवर निर्बंध येतील' ही ती शंका होय. ती निराधार नाही. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता व त्यात असंख्य खातेदारांच्या जमिनी आल्या. खरेदी-विक्री व बांधकामास अडचणी आल्याने लोकांत असंतोष माजला. अखेर ते क्षेत्र कमी करून सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले.

परंतु आमच्या मते यावरून उलट धडा घ्यावयाचा आहे. मोजणी बरोबर असली तर हद्दीचा खांब योग्य जागी बसतो. ती मोघम असली तर शेजाऱ्याच्या शेतात बसतो. बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकारा हरणांसाठी 1997 साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे 515 हेक्टरांचे आहे. कोणते जनावर कोठे चरते, कोठे विते, कोणत्या ओढ्यावर पाणी पिते, हे गावाने स्वतः लिहून ठेविले असेल, तर वनखात्याशी बोलताना गावाच्या हाती कागद असतो. कागद नसलेल्या पक्षाची तक्रार कशी चालते, हे आपणांपैकी ज्यांनी हद्दीचे दावे लढविले आहेत त्यांस सांगणे नलगे.

गायरानाविषयीही हेच. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीसारख्या माळावर चिंकारा, खोकड, लांडगा व धाविक यांस मोकळे गवतच हवे असते. तेथे चांगल्या हेतूने का होईना, दाट झाडे लाविली तर मेंढरांची चराई जाते आणि माळावरची जनावरेही जातात. 'पड' या शब्दाचा अर्थ 'निरुपयोगी' असा करू नये.

नोंद कशी ठेवावी

2021 सालापासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करू लागला आहे. तेव्हा आणखी एक वही ठेवणे त्यास अवघड नाही. एका साध्या वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात तारीख व वेळ, दुसऱ्यात गाव व गट क्रमांक, तिसऱ्यात काय पाहिले व किती, आणि चौथ्यात ते काय करीत होते, पीक कोणत्या अवस्थेत होते व हवा कशी होती. उदाहरणार्थ: '12 नोव्हेंबर, सकाळी 7, विहिरीजवळचे रान, भोवत्या 2, ज्वारी कमरेइतकी, पिकावरून खालून उडत, नाकतोडे पुष्कळ, आभाळ निरभ्र.' एवढे पुरे.

नियम तीनच. पहिला, डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार व चोच यांचे वर्णन करावे, परंतु अंदाजाने नाव घालू नये. दुसरा, दिसले नाही तेही लिहावे. 'या उन्हाळ्यात टिटवीचे एकही घरटे नाही' ही नोंद घरटे असल्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. तिसरा, खाडाखोड करू नये. चूक झाल्यास एक रेघ मारून बरोबर मजकूर शेजारी लिहावा, म्हणजे पुढील वाचणाऱ्यास दोन्ही दिसतात.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण व कुंभारगाव बाजूस हिवाळ्यात रोहित पक्षी व पट्टकादंब यांचे थवे येतात. त्यांस पाहण्यास येणाऱ्या लोकांस होडीतून फिरवून तेथील मच्छीमार कुटुंबे चार पैसे मिळवितात. त्या काठावर एखादा मेलेला पक्षी सापडला व त्याच्या पायात धातूचे कडे असले, तर ते फेकून देऊ नये. त्यावरील क्रमांक, दिनांक व ठिकाण लिहून संस्थेस कळवावे. हजारो कोसांवर ज्याने ते कडे घातले, त्याच्या नोंदीचा दुसरा अर्धा भाग आपल्या हाती आलेला असतो.

जमिनीचे दप्तर आपल्या वाडवडिलांनी जपले, म्हणून आज आपली मालकी शाबूत आहे. त्या जमिनीवर जे जगते त्याचे दप्तर मात्र अद्याप बहुतेक गावांत कोरे आहे. प्रत्येक गावात एकाने जरी येत्या कार्तिकापासून पुढील कार्तिकापर्यंत अशी वही भरली आणि ती गावच्या सोसायटीत सर्वांस पाहण्यास ठेविली, तरी पुढच्या पिढीस माळावर काय होते व काय गेले हे विचारण्यास कोठे जावे हा प्रश्न पडणार नाही. वहीस खर्च थोडा आहे आणि पाहणीस वेगळा वेळ लागत नाही. रानात तर आपण रोज जातोच.