आगगाडी रुळांची नाडी पाहते

आगगाडीच्या प्रवासात ठराविक ठिकाणी डबा एकाएकी हेलकावतो आणि परतीच्या वाटेवरही तेथेच धक्का बसतो, हे आपण अनुभवले असेल. तो धक्का म्हणजे रुळांनी सांगितलेले आपले दुखणे होय.

रूळ पोलादाचे खरे; पण ते टेकलेले असतात खडीच्या थरावर. गाड्यांच्या भाराने ती खडी हळूहळू दबते, पावसात खालची माती खचते आणि दोन्ही रुळांची पातळी बिघडते. हातोडी व पाना घेऊन मार्गावरून पायी फिरणारा रेल्वे कामगार हे दोष शोधीत असतो. परंतु भरलेल्या गाडीखाली रूळ किती दबतो, हे मोकळ्या रुळावर चालणाऱ्यास कसे दिसावे? ते गाडीलाच कळते.

म्हणून गाडीवरच संवेदक बसवितात. चाकाच्या आसाजवळील त्वरणमापक सेकंदास शेकडो वेळा कंपने मोजतो. दुसरे उपकरण डब्याचा कल नोंदविते. चाकांचे फेरे व उपग्रह यांवरून जागा निश्चित होते. एका धक्क्यावरून फारसे कळत नाही. मागील नोंदींशी ताडून पाहता तो वाढत असल्याचे दिसले, म्हणजे तेथे दुरुस्तीची वेळ आली असे समजावे.

जपानात तोक्यो व ओसाका यांमधील द्रुतगती मार्ग १९६४ साली सुरू झाला. 'डॉक्टर यलो' नावाची पिवळी गाडी सुमारे दहा दिवसांतून एकदा त्याची तपासणी करीत असे. अशा दोन गाड्यांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तत्पूर्वीच, २०२१ पासून, उतारूंच्या काही गाड्यांवर मार्ग तपासणारी उपकरणे बसविण्यात आली. प्रवासी नेता नेताच गाडी रुळांची नाडी पाहू लागली!

तथापि केवळ निदानाने रोग बरा होत नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडातील हॅटफील्ड येथे रूळ तुटून भरधाव गाडी घसरली व चार जण प्राणास मुकले. त्या रुळास चिरा पडल्याचे आधीच ठाऊक होते. तरीही तो वेळेवर बदलला गेला नाही.

यंत्र दोषाची जागा दाखवील. पण तेथे जाऊन खडी ठोकणारे आणि रूळ बदलणारे हात माणसाचेच लागतात. वैद्याने नाडी पाहिली आणि औषध कोणी दिलेच नाही, तर रोग्यास त्याचा काय उपयोग?