पाणी नकाशा वाचत नाही

रेडीमिक्स काँक्रीटच्या धंद्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पहिली सात पुण्याच्या आसपास, बाकीची कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या प्लांटांवर. स्लम्प बरोबर आला, सिलिंडर पास झाले, गाडी वेळेत पोचली, की आपलं काम संपलं, अशीच माझी समजूत होती. पावसाच्या पाण्यापायी मला वकिलाचं दार ठोठवावं लागेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

मी ज्या प्लांटचा मॅनेजर झालो, तिथल्या कपाटात एक जाडजूड फाईल होती. अमेरिकेत १९७२चा ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ आहे. १९८७च्या दुरुस्तीनं कारखान्यांच्या आवारातून वाहणारं पावसाचं पाणीही त्यात आलं. कॅलिफोर्नियाचं आताचं जनरल परमिट १ जुलै २०१५पासून लागू झालं. आवारातल्या कुठल्या वस्तूमुळे पाणी बिघडतं, ते कुठून बाहेर पडतं आणि ते बिघडू नये म्हणून काय करणार, याची योजना प्रत्येक प्लांटनं स्वतःच लिहायची असते. लांबलचक इंग्रजी नावाच्या या योजनेला सगळे ‘स्विप’ म्हणतात. आमची स्विप माझ्या आधीच्या माणसानं सल्लागाराकडून लिहून घेतलेली. नकाशात सगळे बाण मुख्य गेटजवळच्या जाळीकडे जात होते. मी पानं चाळली आणि सही केली. आवारात फेरी न मारता केलेली ती सही मला फार महाग पडली.

तिकडे मृग नाही. मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडेच जातात आणि पाऊस येतो तो थंडीत. सहा महिने सायलोच्या आसपास सांडलेलं सिमेंट, खडीची भुकटी, गाड्यांच्या टायरनं पसरलेला चिखल हे सगळं आवारात वाळून बसलेलं असतं. पहिला पाऊस ते सगळं एकदम उचलतो.

त्या नोव्हेंबरात पहाटे तीनपासून पाऊस लागला होता. प्लांट चारला सुरू व्हायचा, मी आठला यायचो. पाणी बाहेर पडू लागल्यापासून चार तासांच्या आत नमुना घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. पण नमुना घेणारा मी एकटाच आणि मी घरी झोपलेलो. आठला येऊन पाहिलं तर गेटच्या जाळीत पाण्याची बारीक धार. म्हटलं, विशेष काही नाही. अहवालात ‘पाणी बाहेर गेलं नाही’ या चौकोनात खूण केली. पुढच्या पावसातही तेच. सवय लागते माणसाला.

फेब्रुवारीत एका पर्यावरण संघटनेची नोटीस आली. तिकडे सामान्य नागरिकही परमिटधारकाला कोर्टात खेचू शकतात, फक्त साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सोबत फोटो होते, मागच्या सार्वजनिक रस्त्यावरून काढलेले. खडीच्या कप्प्यांमागची आमची भिंत, तिच्या तळाशी वीतभर फट आणि तिच्यातून शेजारच्या चरात जाणारं राखाडी पाणी. तो चर ओढ्याला मिळतो, ओढा उपसागराला. नकाशात ती फट नव्हती. अहवाल आम्ही राज्याच्या ऑनलाइन नोंदवहीत भरत होतो आणि ती कुणालाही उघडता येते. त्यांनी आमच्या ‘पाणी गेलं नाही’च्या तारखांसमोर जवळच्या विमानतळावरच्या पावसाच्या नोंदी मांडल्या होत्या. मला बोलायला जागाच उरली नाही.

पुढच्या पावसात मी पहाटे साडेतीनला रेनकोट घालून भिंतीमागे उभा राहिलो. खिशात पीएच कागदाच्या पट्ट्या. फटीतल्या पाण्यात पट्टी बुडवली आणि टॉर्चखाली धरली. पिवळी पट्टी बघता बघता गडद निळी झाली. बारा. पाणी येतंय कुठून म्हणून उलटा चालत गेलो, तर वॉशआउट पिटपाशी पोचलो. ड्रम आणि शूट धुतलेलं पाणी साठवायचा तो खड्डा आधीच काठोकाठ होता. वरून पाऊस पडला आणि तो ओसंडून वाहू लागला. तेवढ्यात एका ड्रायव्हरनं नेहमीच्या सवयीनं शूट तिथेच जमिनीवर धुतला. माझ्या डोळ्यांसमोर. त्याला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

प्रकरण तडजोडीत मिटलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांची बिलं आणि दुरुस्त्या यांत एक नवा मिक्सर ट्रक आला असता. या धंद्यातल्या पोरांनी तो ट्रक वाचवावा, म्हणून हे चार बोल.

पहिली गोष्ट, धुण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. पावसाच्या पाण्यासाठी परमिटात आकडे आहेत: पीएच ६ ते ९ आणि तरंगता गाळ वर्षाच्या सरासरीनं लिटरला १०० मिलिग्रॅम. आकडा ओलांडला की लगेच गुन्हा होत नाही. कारण शोधून सुधारणा करावी लागते, नाही केली तर मग अडचण. धुण्याचं पाणी मात्र या परमिटखाली थेंबभरही बाहेर जाऊ द्यायचं नाही. आमचा खड्डा ओसंडला तेव्हा एकात दुसरं मिसळलं आणि सगळंच बेकायदा झालं.

दुसरी, सिमेंटच्या पाण्याला नुसतं गढूळ समजू नका. सिमेंट पाण्यात मुरताना विरलेला चुना सुटतो. पीएच नऊ आणि बारा यांत तीनच घरं दिसतात, पण पाणी हजारपट अल्कधर्मी झालेलं असतं. माणसाची कातडी भाजते, मग माशाच्या कल्ल्यांचं काय होत असेल? उतारा म्हणून अ‍ॅसिड ओतण्याचा मोह होतो. जरा जास्त पडलं की पाणी दुसऱ्या टोकाला जातं. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा, त्यात हात चुकला तरी निभावतं.

तिसरी, हिशेब करा. एक एकर आवारावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. आमचं आवार चार एकरांचं, आणि खड्डा धरला होता फक्त गाड्या धुण्यापुरता. त्याच्याभोवती बांध घाला, म्हणजे आवाराचं पाणी आत शिरणार नाही. पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी खड्डा उपसून ते पाणी बॅचिंगला वापरा. आणि उन्हाळाभर आवार झाडत राहा, कोरडं. पाण्यानं धुतलंत तर घाण गेटबाहेर ढकलली, एवढंच.

चौथी, नमुना घेणारा माणूस प्लांट सुरू होतो त्या वेळी हजर हवा. वर्षात चार नमुने लागतात, जुलै ते डिसेंबर दोन आणि जानेवारी ते जून दोन. पहिला पाऊस हुकला की पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. बाटली वाहत्या धारेत धरा, तळाचा गाळ ढवळू नका. पीएच लगेच तिथेच बघा, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बदलतो. आमच्याकडे आता हे काम पहाटेच्या बॅचरकडे आहे. बाटल्या, पट्ट्या आणि टॉर्च त्याच्या टेबलाखालच्या बादलीत तयार असतात.

आणि पाचवी, जिच्यापायी बाकी सगळं घडलं: नकाशा भर पावसात, हातात पेन्सिल घेऊन काढा. कोरड्या दिवशी कुठलंही आवार सपाटच दिसतं.

गेल्या वर्षी चाकणजवळ भाच्याच्या प्लांटवर गेलो होतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, “मामा, ते तुमच्या अमेरिकेत. इकडं कोण विचारतंय?” मी त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढायला लावलं. आपल्याकडेही १९७४पासून पाण्याचा कायदा आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी पीएच साडेपाच ते नऊ आणि तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम, हे आकडे आपल्या नियमांतही आहेत. त्यानं मान डोलावली. पटलं असं काही दिसलं नाही. निघताना पट्ट्यांची एक डबी त्याच्या टेबलावर ठेवली.

जूनमध्ये त्याचा फोटो आला. ओल्या हातात एक पट्टी, गडद निळी. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी विचारलं, “कुठल्या कोपऱ्यातलं?”