मोज्याची टाच

पायमोजे विणावयाचे म्हटलें कीं नवशिके टाचेस भितात. आम्हीहि भ्यालों, पण आमची पहिली चूक टाचेच्या आधींच झाली. तीन सुयांवर ४८ टाके आम्हीं इतके आवळून घातले कीं मोजा पायांत शिरेना! सगळा उसवावा लागला.

दोन सुलट, दोन उलट अशी नळी विणून झाल्यावर २४ टाके एका सुईवर घ्यावे व त्यांचीच २४ ओळींची पट्टी करावी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणतां उचलावा. मग १४ सुलट, दोन एकत्र, एक सुलट विणून तेथूनच काम फिरवावें. परत येतांना एक उचलून ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हां फिरवावें. पुढें दर ओळींत एक टाका अधिक विणून फटीच्या दोहों बाजूंचे टाके जोडावे. मधला भाग वाढतो, कडा मागें राहतात, म्हणून कापड वाटीसारखें वळतें. १४ टाके उरले कीं टाच झाली.

पट्टीच्या दोन्ही कडांचे बारा बारा टाके उचलून, घटवीत पुन्हां ४८ वर यावें. तळव्याच्या ओळी मात्र वहींत मांडून ठेवाव्या. आम्हीं त्या मांडल्या नाहींत. आमचा दुसरा मोजा बोटभर लांब आहे.