पाणबुडी बंदरात शिरली!

विहिरीत कळशी सोडली तर आधी ती तरंगते. तोंड तिरपं करून पाणी आत घेतलं की गडप! पाणबुडीचंही तसंच. तिला मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती बुडते. वर यायचे तेव्हा दाबलेली हवा टाक्यांत सोडतात, पाणी बाहेर जाते. कळशी मात्र आपल्यालाच ओढावी लागते!

पण ज्या रात्रीची हकिगत मी सांगणार आहे, त्या रात्री पाणबुडीने बुडी न मारताच कमाल केली.

१९३९ साली दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. त्यांच्या मधोमध स्कापा फ्लो हे इंग्रजांच्या आरमाराचे बंदर होते. आत यायच्या चिंचोळ्या वाटांत इंग्रजांनी जुनी जहाजे मुद्दाम बुडवली होती, आपण शेताच्या वाटेवर काट्या टाकतो तशी. पण एका वाटेत फट राहिली होती.

१३ ऑक्टोबरच्या रात्री यू-४७ ही जर्मन पाणबुडी तिथे आली. कप्तान गुंटर प्रीन, वय ३१. पाणी उथळ, म्हणून ती वरूनच, भरतीच्या वेळी त्या फटीतून आत शिरली. आकाशात ध्रुवीय प्रकाश चमकत होता, तरी कोणी अडवले नाही. वाचतानाच माझी छाती धडधडली.

समोर ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका उभी होती. प्रीनने टॉर्पेडो सोडले. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून स्वतःच्या यंत्राने पळणारा लांबट बॉम्ब. एकच लागला, तोही टोकाला. नौकेवरच्यांना वाटले, आपल्याच बोटीत काहीतरी फुटले. बरेच जण परत झोपले. तेवढ्यात जर्मनांनी नळ्या पुन्हा भरल्या. या वेळी तीन लागले. १३ मिनिटांत नौका बुडाली. ८०० हून जास्त माणसे मेली. त्यांत शंभरावर तर १८ वर्षांच्या आतली मुलं होती. माझा दादा १६ वर्षांचा आहे. प्रीन धाडसी खराच, पण इथे माझा हात थांबला.

मार्च १९४१ मध्ये यू-४७ अटलांटिक महासागरात गेली, ती परत आलीच नाही.

इंग्रजांनी नंतर त्या बाजूच्या वाटा काँक्रीटचे बांध घालून बुजवल्या. इटलीच्या युद्धकैद्यांनी तिथे काम केले. आता बांधांवरून मोटारी जातात. ‘रॉयल ओक’ अजून तळाशीच आहे. दरवर्षी आरमाराचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावर नवा झेंडा लावतात.