एका वहीच्या दोन वह्या

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर अशा गावांतील दगडमातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीत माणसांबरोबर कागदही ढिगाऱ्याखाली जाऊ शकतात. मग वाचलेल्या माणसाने अमुक गट आपला आहे, हे कशावरून दाखवायचे?

उत्तर सोपे वाटते. दुसरी प्रत दूर ठेवावी! पण मूळ वहीत रोज बदल होत असतील, तर कालची प्रत आज शिळी होते. साऱ्या वह्या रोज नव्याने उतरून काढणेही शक्य नाही. संगणकातील माहितीचीही हीच अडचण आहे.

तिचा उलगडा गावच्या दप्तरातच सापडतो. घरातील सातबाराचा उतारा पाहा. त्यावर फेरफार क्रमांक लिहिलेले दिसतील. जमीन विकली, वारस लागले, की तो बदल प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत क्रमाने चढतो. नोंद प्रमाणित झाली की मग सातबारा बदलतो. म्हणजे सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली हे फेरफार सांगतो.

संगणकातील डेटाबेसही असेच काम करतो. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी एका क्रमवार बदलनोंदीत लिहितो आणि नंतर तक्त्यात उतरवतो. दुय्यम सर्व्हरकडे अखंड पाठवायची ती ही बदलनोंद. सारखी प्रत आणि तेच बदल त्याच क्रमाने, तर शेवटी दोन्हीकडे स्थिती सारखीच येणार!

आता ही जोडी कशी उभारतात ते पाहू. पोस्टग्रेस या विनामूल्य डेटाबेसमधील रीत साधारण अशी आहे :

१. बदलनोंद पुरेशा तपशिलाने लिहिण्यास मुख्य सर्व्हरला सांगतात.

२. फक्त नकलेच्या कामासाठी एक वेगळा वापरकर्ता तयार करतात आणि दुय्यम यंत्राच्या पत्त्यावरूनच त्याला प्रवेश देतात.

३. मुख्य सर्व्हर चालू असतानाच त्याची पूर्ण प्रत दुय्यमवर घेतात. प्रत कोणत्या नोंदीपासून सुरू झाली, तो क्रमांकही सोबत घेतात.

४. दुय्यमला मुख्यचा पत्ता देतात. तेथून तो पुढील नोंदी मागवत राहतो. त्यावर माहिती वाचता येते, लिहिता येत नाही.

५. मुख्यवर एक ओळ बदलून ती दुय्यमवर दिसते का, हे तपासतात.

समजा, २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' ही नोंद मुख्य सर्व्हरवर १०५१ व्या क्रमांकाने चढली. दुय्यम १०४८ पर्यंत पोहोचला असेल, तर तेथे अजून जुनेच नाव दिसेल. या तीन नोंदींच्या अंतराला पिछाडी म्हणतात. त्याच क्षणी मुख्य सर्व्हर बंद पडला, तर त्या तीन नोंदी गेल्या!

यावर उपाय असा, की दुय्यमकडून पोच येईपर्यंत मुख्यने 'काम झाले' असे म्हणूच नये. पण त्याला किंमत मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोन सर्व्हरमध्ये चारशे किलोमीटरची तार धरली, तर जाऊन येण्यास चार सहस्रांश सेकंद लागतात. एकापाठोपाठ एक व्यवहार केले, तर सेकंदाला २५० हून अधिक होणार नाहीत. जवळ ठेवावे तर एकाच भूकंपात दोन्ही जातील. दूर ठेवावे तर वाट पाहावी लागेल.

आणखी दोन धोके लक्षात ठेवा. मुख्य बंद पडला की दुय्यमला मुख्य करतात. पण मुख्य बंद नसून केवळ तार तुटली असेल तर? मग दोघेही नोंदी घेऊ लागतील आणि एकच शेत दोन वह्यांत दोघांच्या नावे चढेल. म्हणून जुना मुख्य खरोखर थांबला आहे, याची आधी खात्री करावी लागते. दुसरा धोका चुकीचा. कोणी चुकून संपूर्ण तक्ता पुसला, तर ती 'पुसा' ही नोंदही दुय्यमकडे इमानाने पोहोचते. त्यासाठी ठराविक दिवसांच्या प्रती वेगळ्या जपाव्याच लागतात.

करून पाहा : वर्गात दोन मुलांकडे गुणांची सारखीच वही द्या. पहिल्याने प्रत्येक बदल क्रमांक घालून चिठ्ठीवर लिहावा, मगच आपल्या वहीत करावा. तिसऱ्याने चिठ्ठ्या दुसऱ्याकडे न्याव्यात. मधली एक चिठ्ठी मुद्दाम लपवा. चिठ्ठ्यांवर क्रमांक नसते, तर दुसऱ्याला ती हरवल्याचे कळले असते का?