आडनावाचा तास कुठून सुरू करावा?



‘आपल्या आडनावाचा अर्थ शोधून आणा’ हा गृहपाठ आपण बहुतेकांनी कधी ना कधी दिलाय. मीही द्यायचे. मुलुंडला सातवीच्या वर्गावर असताना एका मुलीने वही कोरीच आणली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटायला आले. म्हणाले, “बाई, आम्ही आडनाव बदललंय, राजपत्रात छापून. जुनं का सोडलं ते पोरीला अजून सांगितलेलं नाही.” ते रागावले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे पुष्कळदा जात विचारणं. ते मी भरवर्गात विचारून बसले होते.

तेव्हापासून हा तास मी वर्गात कोणाचंच नसलेल्या आडनावापासून सुरू करते : मोल्सवर्थ.

नाव मराठी शिक्षकांच्या ओळखीचं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. आजही शब्द अडला की आपण तोच उघडतो. पण ज्यांनी आपले हजारो शब्द उलगडले, त्यांच्या आडनावाचा अर्थ काय?

इंग्लंडमध्ये मोल्सवर्थ नावाचं एक लहानसं गाव आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशर परगण्यात होतं, आता केंब्रिजशरमध्ये येतं. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, हे गाव आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, साधारण आपल्या वाडीसारखी. ‘मूल’ नावाच्या कुणा माणसाची ही वाडी. फळ्यावर ‘मूल’ लिहिलं की वर्ग हसतो. हसू द्यावं, पण आपल्या ‘मूल’शी त्याचा संबंध नाही, हेही लगेच सांगावं.

मग मी विचारते, गावात राहणारे सगळेच मोल्सवर्थचे, तर तिथे एकट्यालाच ‘मोल्सवर्थ’ कोण म्हणेल? थोडा वेळ शांतता. मग कुणीतरी म्हणतंच, “बाई, तो गाव सोडून गेला असेल!” बरोबर. (गावाची जमीन ज्याच्या ताब्यात, त्यालाही गावाचं नाव लागे, हे मोठ्या वर्गांना सांगावं.) चिपळूणकर चिपळुणात नव्हे, बाहेर पडल्यावर चिपळूणकर होतो. इंग्लंडच्या जुन्या दप्तरांत अशा नावाआधी फ्रेंच ‘द’ लागे, म्हणजे ‘चा’. पुढे तो गळला. आपला ‘कर’ मात्र शेपटीला टिकला.

‘द’ टिकलेला पाहायचा तर लांब जायला नको. मरोळ, गोराई या आपल्याच गावठाणांत डिसूझा आहेत. डिसूझा म्हणजे सूझाचा, आणि सूझा ही पोर्तुगालमधली नदी. साष्टी पोर्तुगीजांकडे असताना इथल्या लोकांना बाप्तिस्म्याबरोबर अशी आडनावं मिळाली. पूर्वजांनी ती नदी कधी पाहिलीही नसेल. घरात बोली मराठी, आडनावात पोर्तुगीज नदी! म्हणून आडनावावरून कुळ ओळखता येतं असं वर्गात कुणी म्हणालं, तर हे उदाहरण पुढे करावं.

आडनाव बदलतंही. मंगेशीच्या दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून असलेल्या आंबडवेकरचं पुढे आंबेडकर झालं. ही दोन नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की मुलांना वाटतं तेवढी आडनावं दगडावर कोरलेली नसतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

गृहपाठ आता असा देते : महाराष्ट्राचा नकाशा घ्या, दहा गावं निवडा, त्यांना ‘कर’ लावा आणि कुठे रूप बदलतं ते पाहा. पनवेलचं पनवेलकर सरळ होतं, पण पुण्याचं पुणेकर का, पुण्याकर का नाही, यावर अर्धा तास सहज जातो. सामान्यरूपाचा धडा यातच होऊन जातो. स्वतःचं आडनाव लिहायची सक्ती नाही. ज्याला सांगायचंय तो मधल्या सुट्टीत येऊन सांगतोच.

पालकांना एक विनंती. मुलाने घरी येऊन आपल्या आडनावाबद्दल विचारलं, तर जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. आणि एखादी गोष्ट वर्गात निघू नये असं वाटत असेल, तर आम्हाला आधी कळवा. चिठ्ठी पाठवली तरी चालेल.