पुढचें पान आधींच

वर्गांत धडा मोठ्यानें वाचतांना तुम्हीं एक गोष्ट अनुभविली असेल. जीभ एका शब्दावर असते, तोंच डोळे पुढील दोन-चार शब्दांवर गेलेले असतात. म्हणूनच वाचन अडखळत नाहीं. संगणकासही असेंच पुढें पाहावें लागतें. तें कसें, हें आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

फाइली डिस्कवर असतात, परंतु काम चालतें तें मेमरींत. फिरत्या डिस्कवर हवी ती जागा गांठण्यास सुमारें 10 मिलिसेकंद लागतात. हा काळ आपणांस क्षुल्लक वाटतो. पण तेवढ्यांत मेमरींतून सुमारें लाख वेळां माहिती आणतां येते! म्हणून लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो एकदां आणलेलीं पानें मेमरींतच जपून ठेवितो. बहुतेक संगणकांत हें पान 4096 बाइटांचें असतें. या सांठ्यास पेज कॅश असें नांव आहे. तेंच पान पुन्हां मागितलें, तर डिस्ककडे जाण्याचें कारण उरत नाहीं.

पण पहिल्या वाचनाचें काय? तेथें पूर्ववाचन, म्हणजे रीड-अहेड, उपयोगी पडतें. एखादी फाइल आरंभापासून क्रमानें वाचली जाऊं लागली, कीं कर्नेल पुढचीं कांहीं पानेंही आणून ठेवितो. अंदाज खरा ठरत गेला, तर तुकडी वाढवीत नेतो. सामान्यतः 128 किलोबाइट, म्हणजे 32 पानें, ही तिची मर्यादा असते. आणलेल्या पानांपैकीं एकावर तो खूण करितो. वाचन त्या पानापाशीं पोंचलें, कीं उरलेलीं पानें संपण्यापूर्वींच पुढील तुकडी मागविली जाते. ही पद्धत वू फेंगग्वांग या चिनी संशोधकानें रचिली व 2007 सालीं ती लिनक्सच्या 2.6.23 या आवृत्तींत आली.

अंदाज चुकला, तर मात्र नुकसान दुहेरी होतें. डिस्कचा वेळ फुकट जातो, आणि नको असलेलीं पानें हव्या असलेल्यांस मेमरींतून बाहेर ढकलतात. कोशांत शब्द शोधणारा मनुष्य पानें ओळीनें वाचीत नाहीं. तसें वाचन दिसलें, कीं कर्नेल मागितलें तेवढेंच आणतो. आपण कसें वाचणार, हें प्रोग्रामासही आधीं सांगतां येतें. सारांश, सुधारणा अधिक आणण्यांत नसून योग्य तेंच वेळेवर आणण्यांत आहे.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. आपण लिहितों तेंही प्रथम याच सांठ्यांत राहतें व कांहीं सेकंदांनीं डिस्कवर उतरतें. आमच्या एका विद्यार्थ्यानें निबंध संपतांच पेनड्राइव्ह उपटून काढला. घरीं पाहतो तों फाइल रिकामी! दोन दिवसांचे श्रम वायां गेले. म्हणून पेनड्राइव्ह काढण्यापूर्वीं तशी आज्ञा द्यावी, आणि संगणक रीतसर बंद करावा. पालकांनींही घरीं ही संवय मुलांस लावावी, अशी आमची विनंती आहे.